ठमाई विलीन

जळोचीच्या चौकात सकाळी फ्लेक्स लागला आणि दुपारच्या आत संभाजीराव कोकरे यांच्या घरी माणसं पडक्या चेहऱ्यानं यायला लागली.

पहिला आला तो पणदऱ्याचा चुलतभाऊ. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं. फाटकातून आत आला आणि थिजला. ओट्यावर खुर्ची टाकून संभाजीरावांच्या मातोश्री ठमाबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"ये की," ठमाबाई म्हणाल्या. "असा तोंड पाडून का? कोण गेलं?"

चुलतभावाला उत्तर येत होतं, पण ते देता येईना. 'तुमीच' असं म्हणणं बरं दिसलं नसतं.

"कुणी न्हाय, काकी. सहज आल्तो."

"सहज कोण उपरणं घालून येतं?"

तेवढ्यात शेजारच्या आक्काबाई पिठलं-भाकरीचं ताट पदराखाली झाकून आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी आणायचं ते ताट. ठमाबाईंना बघून त्यांच्या हातातलं ताट वाकडं झालं, पण पिठलं घट्ट होतं म्हणून सांडलं नाही. ठमाबाईंनी ताट घेतलं, बोटानं चव बघितली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय. मयताच्या घरी द्यायचं म्हणून काय झालं, नीट करावं बाई."

संभाजीराव मागच्या शेडमध्ये गोटीसोड्याच्या बाटल्या भरत होते. बायको राजलक्ष्मी धावत आली आणि म्हणाली, "अहो, बाहेर या. आत्याबाई वारल्यात म्हणून माणसं आलीत, आन आत्याबाईच त्यांना पाणी देतायत."

घोळ फ्लेक्सचा होता. संभाजीरावांच्या सोड्याचं नाव 'ठमाई सोडा'. बाटलीवर आईचा फोटो. कळंबच्या कुंडलिकरावांचा 'चंद्राई सोडा'. चंद्राबाई ही कुंडलिकरावांची बायको. तिनं बाटलीवर फोटो लावू दिला नव्हता, यातच तिचं शहाणपण आलं. दोघांनी धंदा एक करायचा ठरवला आणि संभाजीरावांनी फ्लेक्सवाल्याला मजकूर सांगितला, 'ठमाई सोडा व चंद्राई सोडा यांचे विलीनीकरण'. फ्लेक्सवाल्याकडे मांडण्या दोनच, एक वाढदिवसाची आणि एक दुसरी. वाढदिवसाची त्या दिवशी कॉम्प्युटरवर उघडेना. त्यानं दुसरी घेतली. मधे ठमाबाईंचा फोटो, दोन्ही बाजूंना समया, वर मोठ्या अक्षरात 'ठमाई', खाली त्याहून मोठ्या अक्षरात 'विलीन'. उरलेले शब्द समईच्या खाली, मुंगीएवढे. चौकातून मोटारसायकलवर जाणारा माणूस काही समईखालचं वाचत नाही. आणि आपल्याकडे विलीन होतो तो माणूस, तोही अनंतात.

"मला विचारायचं तरी," ठमाबाई म्हणाल्या. "विलीन व्हायाच्या आदी माणसाला कळवत्यात."

संभाजीरावांनी जीभ चावली. पण खोल मनात त्यांना अचंबाच वाटत होता. एका शब्दात एवढी ताकद! त्यांना अचंबा वाटायला तसं फार काही लागत नसे. उसावर औषध फवारणारा ड्रोन बघायला ते एकदा सोड्याची गाडी बांधावर सोडून दुपारभर उभे राहिले होते, आणि परत आले तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. जगात आपल्याहून मोठं काही आहे, या विचारानं काही माणसं खचतात. संभाजीराव मात्र खुलत.

विलीनीकरणाची मूळ बैठक झाली होती महिनाभर आधी, पणदऱ्यात, शकुबाईच्या हॉटेलसमोर. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, वडे आणि एक फ्रीज. त्या फ्रीजमध्ये कुणाच्या बाटल्या पुढं राहायच्या, यावर दोघांचं वर्षानुवर्षं वैर. एकानं बर्फ फुकट दिला की दुसरा बर्फ ठेवायचा खोकाच देई. एकाचा जिरासोडा निघाला की दुसरा आठवड्यात आलंलिंबू काढी. शकुबाई दोघांनाही एकच वाक्य ऐकवी, "त्येचा लई कडक हाय बाबा." एवढं ऐकलं की ऐकणारा घरी जाऊन गॅस वाढवी. त्या दिवशी दोघांच्या गाड्या नेमक्या समोरासमोर आल्या, मागं ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर अडले, आणि गाडी मागं कुणी घ्यायची यावरून सुरू झालेलं भांडण चहावर येऊन मिटलं.

"संभाजीराव, किती दिस भांडायचं?" कुंडलिकराव बशीत फुंकर घालत म्हणाले. "बारामती तालुका तुमचा, इंदापूर तालुका आमचा. मी हिकडं येत न्हाय, तुमी तिकडं यायचं न्हाय. दर दोघांचा एक."

"आन कुणी कमी मागितला तर?"

"मागंल कुणाकडं? दुसरा हाय कोण?"

संभाजीरावांना हे फार थोर वाटलं. मोठमोठ्या बँका विलीन होतात, टीव्हीवर येतं. आपण का नाही? नाव कुणाचं ठेवायचं एवढाच मुद्दा राहिला. 'ठमाचंद्रा' की 'चंद्राठमा', यावर दोन चहा झाले आणि मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला. गल्ल्यावर बसलेल्या शकुबाईनं सगळं ऐकलं आणि कधी नव्हे ते दोघांकडूनही चहाचे पैसे घेतले.

फ्लेक्स उतरवताना गल्लीतला युवराज मदतीला आला. युवराज जळोचीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालवतो. स्वतः बरीच वर्षं परीक्षा देतो आहे. ज्ञान अफाट, फक्त ते चार पर्यायांत येतं.

"काका," शिडी धरून तो म्हणाला, "विलीनीकरण करताय, पण आयोगाची परवानगी घेतली का?"

"कुठला आयोग?"

"भारतीय स्पर्धा आयोग. कायदा दोन हजार दोनचा. मुख्यालय: अ, मुंबई, ब, कोलकाता, क, नवी दिल्ली, ड, यांपैकी नाही. उत्तर क. दोन कंपन्या एक होऊन बाजार गिळायला लागल्या तर हा आयोग त्यांना थांबवतो. सिमेंटवाले, टायरवाले, विमानवाले, सगळे त्याच्यापुढं हात जोडून उभे असतात."

संभाजीराव शिडीवरच बसले. दिल्लीत एक कचेरी आहे. तिथं मोठी मोठी माणसं सकाळी डबा घेऊन येतात आणि दिवसभर एवढाच विचार करतात, की गिऱ्हाइकाला दुसरं दुकान उरलं का नाही! सरकार ऊस मोजतं, पाणी मोजतं, जमीन मोजतं हे त्यांना ठाऊक होतं. पण कुणी कुणाशी भांडणं बंद केलं, याचीसुद्धा सरकार काळजी करतं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला.

"परवानगी काढायची," ते म्हणाले. "रीतसर."

राजलक्ष्मीनं ही बातमी भाजीवाल्याजवळ बोलून दाखवली, 'ह्यांचं स्पर्धा आयोगाचं चाललंय,' आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की संभाजीराव या वयात परीक्षेला बसणार. आक्काबाईंनी नातवाची जुनी पुस्तकं आणून दिली. समोरच्या निवृत्त तलाठ्यांनी वयोमर्यादेची चौकशी केली आणि, 'जिद्द असावी तर अशी,' म्हणून पाठ थोपटली. संभाजीरावांनी खुलासा केला, तसा तलाठी म्हणाले, "पास झाल्यावर सांगायचं असंल. बरोबर हाय. नजर लागती."

दुसऱ्या दिवशी संभाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून एका सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी 'स्पर्धा' एवढंच ऐकलं आणि वरच्या मजल्यावर बोट केलं. वरच्या मजल्यावर खेळांचा विभाग होता.

"संघात किती जण?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"दोघं. मी आन कळंबचे कुंडलिकराव."

"एकमेकांविरुद्ध का एका बाजूनं?"

संभाजीराव थक्क झाले. आयोगाचा मूळ प्रश्न हाच, आणि हा माणूस तो खुर्चीतून न उठता विचारतो आहे! "आदी विरुद्ध व्हतो, साहेब," ते नम्रपणे म्हणाले. "आता एका बाजूनं व्हायचं म्हंतोय. त्येचीच परवानगी."

साहेबांनी त्यांच्या पोटाकडे आणि पिकलेल्या मिशांकडे पाहून घेतलं. "ज्येष्ठ नागरिक. जलद चालणे. रविवारी सकाळी मैदानावर या," असं म्हणून त्यांनी छातीला लावायचे दोन क्रमांक दिले, चार टाचण्यांसकट. संभाजीराव ते घेऊन घरी आले. जिना उतरेपर्यंत त्यांना वाटत होतं, की हा अर्जाचा आवक क्रमांक आहे.

"चाला," ठमाबाई म्हणाल्या. "पोट तरी उतरंल."

ठमाबाईंच्या बोलण्यात हल्ली धार आली होती आणि त्याला कारण होतं. रोज जेवण झालं की त्या ओट्यावर बसून घरचा एक सोडा पीत. अंगठ्यानं गोटी आत ढकलायची, 'टॉक्' आवाज व्हायचा, चार घोटांत बाटली रिकामी, आणि मग ढेकर. हा ढेकर म्हणजे ठमाई सोड्याची प्रयोगशाळा. आक्काबाई तो ऐकून घड्याळ लावत, असं गल्लीत म्हणत. पण गेल्या महिन्यापासून ढेकर येत नव्हता. ठमाबाई वाट बघत बसत, छाती चोळत, आणि मग उठून आत जात. संभाजीरावांनी दोष पावट्याच्या आमटीला दिला होता.

शेवटी त्यांनी पुण्याच्या भाचीला फोन केला. उत्कर्षा वकील होती आणि तिच्या ऑफिसात कंपन्यांचीच कामं चालत. रविवारी ती आली. कुंडलिकरावांनाही बोलावणं गेलं होतं. ते झब्बा घालून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "नाव चंद्राईचं पुढं असंल तरच सही."

"सहीचं नंतर बघू," उत्कर्षा म्हणाली. "मामा, तुमची दोघांची मिळून वर्षाची उलाढाल किती?"

संभाजीरावांनी तिच्या कानात सांगितली. धंद्याचा आकडा मोठ्यानं बोलू नये.

उत्कर्षा हसली. "मामा, आयोग बघतो ते शेकडो, हजारो कोटींचे व्यवहार. तुम्ही एक व्हा, दोन व्हा, नाहीतर चार व्हा. परवानगीची गरजच नाही. तुम्हाला कुणी विचारणार नाही."

परवानगी नाकारली असती तर संभाजीरावांनी ते सोसलं असतं. त्यात एक मान होता. पण 'कुणी विचारणार नाही'? एवढी वर्षं बाटल्या भरल्या, शिडीवर बसून अंगावर काटा आणला, छातीला क्रमांकसुद्धा आणला, आणि दिल्लीच्या लेखी आपण समईखालचं अक्षर!

"म्हंजे आमी कुणीच न्हाय," ते म्हणाले.

"बरंच झालं की," कुंडलिकराव म्हणाले. "मग आपलं ठरलं त्येच चालू ठिवू."

"काय ठरलंय?" उत्कर्षानं सहज विचारलं.

"बारामती ह्यांची, इंदापूर आमचं. दर एक. एकमेकांच्या दुकानात पाय ठिवायचा न्हाय."

उत्कर्षानं हातातला पोह्याचा चमचा खाली ठेवला. "कंपनी एक झाली?"

"न्हाय अजून. नावावर अडलंय."

"म्हणजे दुकानं दोन, मालक दोन, आणि दर मात्र ठरवून एक? बाजार वाटून घेतलेला? मामा, हे बेकायदा आहे. आणि यात लहानमोठं बघत नाहीत. ती शेकडो कोटींची अट विलीनीकरणाला. याला नाही."

"पण कागूद कुठं केलाय?" कुंडलिकराव म्हणाले. "चहावर बोललो नुसतं."

"कागद लागत नाही. तोंडी बोललात, डोळ्यांनी खुणावलंत, मान हलवलीत, तरी कायद्याच्या भाषेत तो करारच."

संभाजीरावांची मान त्या वेळी हलतच होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. पण डोळे लकाकायला लागले होते. "म्हंजे," ते हळूच म्हणाले, "पणदऱ्यात शकुबाईच्या हाटेलात मी मान हालवली, ती दिल्लीच्या कायद्याला दिसती?"

"तक्रार झाली तर दिसते."

"कुंडलिकराव, ऐकलंत? आपन दिसतो!"

"दिसतो काय, संभाजीराव, घावतो! दंड किती गं पोरी?"

"नफ्याच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो."

"नफा असंल तर ना," कुंडलिकराव म्हणाले.

"एक सवलत असते," उत्कर्षानं मामांची थट्टा करायची म्हणून सांगितलं. "करार केलेल्यांपैकी जो आधी जाऊन खरं खरं कबूल करतो, त्याचा दंड कमी होतो. अगदी माफसुद्धा. मागून येणाऱ्याला तेवढं मिळत नाही."

हे वाक्य संपलं तेव्हा ओट्यावर दोन माणसं होती, एकमेकांना वैर मिटवल्याबद्दल महिनाभर मिठ्या मारत आलेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग संभाजीरावांचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. कुंडलिकरावांचा त्याआधीच गेला होता.

"कुणाला लावताय?"

"चंद्राला. उशीर व्हईल म्हून सांगतो. तुमी?"

"मी... टाइम बघत व्हतो."

संभाजीरावांनी कपाळावरचा घाम पुसला. काय डोकं म्हणावं त्या दिल्लीवाल्यांचं! दोन गड्यांची दोस्ती मोडायला पोलीस नको, लाठी नको. एक वाक्य पुरतं. कबुलीतसुद्धा शर्यत लावून ठेवलेली. युवराजचे चारही पर्याय या अकलेपुढं फिके. त्यांनी मनोमन दिल्लीच्या दिशेला, म्हणजे आक्काबाईंच्या संडासाच्या टाकीकडे तोंड करून हात जोडले.

"जायचं कुठंच नाही," उत्कर्षा म्हणाली. "दोन रस्ते आहेत. खरंच एक व्हा, एक नाव, एक चव, एक हिशेब. नाहीतर हे ठरलेलं मोडा आणि पहिल्यासारखे आपापला धंदा करा."

"एकच व्हऊ," संभाजीराव म्हणाले. "पण नाव ठमाईच. आईचं नाव मी पुसनार न्हाय."

"मग चंद्राला काय सांगू?"

इतका वेळ खुर्चीत बसून ऐकणाऱ्या ठमाबाई म्हणाल्या, "कुंडलिका, गाडीत तुझा सोडा हाय का रं?"

संभाजीराव उठलेच. या ओट्यावर चंद्राईची बाटली कधी चढली नव्हती. "आई, आपला हाय की. देऊ?"

"तुझा महिनाभर पितीया. त्येचा आण."

कुंडलिकराव छाती काढून गेले आणि बाटली घेऊन आले. ठमाबाईंनी अंगठा लावला. गोटी आत गेली. 'टॉक्' झालं नाही. मांजर शिंकल्यासारखं काहीतरी झालं. त्या प्यायल्या. सगळे वाट बघत बसले. फाटकाजवळ दूध घेऊन आलेल्या आक्काबाईही थांबल्या. ठमाबाईंनी छाती चोळली, मान वर केली, डोळे मिटले. काही आलं नाही.

"तुझाबी मेला," त्या म्हणाल्या.

कुंडलिकराव खाली बघायला लागले. "गॅस जरा कमी केलाय, मावशी. म्हटलं, आता उगं कशाला? गिऱ्हाईक जाणार कुठं?"

संभाजीरावांनी नजर मागच्या शेडकडे वळवली. सिलिंडरचा कॉक त्यांनीही आवळला होता, अगदी थोडा, अगदी त्याच आठवड्यात. हे दोघांनी चहावर ठरवलं नव्हतं. त्यासाठी मानसुद्धा हलवावी लागली नव्हती.

"संबा," ठमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "त्या दिशी टोप्या घालून माणसं आली, त्येंना मी हसले. पर ती बराबर आलती बाबा. बाटलीवर माझं त्वांड हाय, आन आत काय न्हाय. ठमाई विलीनच झालीया. नाव ऱ्हाऊ दे न्हायतर पुसून टाक, मला आता काय बी वाटत न्हाय."

आईला काहीच वाटत नाही, हे संभाजीरावांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पाठ थोपटणारा तलाठी, कुणी न विचारणारी दिल्ली, छातीचा क्रमांक, सगळं त्यांनी गिळलं होतं. हे गिळेना. त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, तर हातात ते छातीचे क्रमांक आले. त्यांनी एक कुंडलिकरावांपुढं धरला.

"घ्या. उद्यापास्नं मोडलं. बारामती तुमाला मोकळी."

कुंडलिकरावांनी क्रमांक घेतला, उलटसुलट पाहिला आणि टाचणीनं झब्ब्याला लावला. "इंदापूरबी मोकळं," ते म्हणाले. "पर संभाजीराव, सांगून ठिवतो, पणदऱ्याच्या फ्रीजात पुढची फळी माझी."

"येऊन तर बघा!"

दोघं फाटकापर्यंत भांडत गेले. उत्कर्षानं थंड झालेले पोहे संपवले.

त्यानंतर पणदऱ्याला शकुबाईच्या फ्रीजपुढं दोन गाड्या पुन्हा समोरासमोर यायला लागल्या आणि मागचे ट्रॅक्टरवाले पुन्हा शिव्या द्यायला लागले. शकुबाईनं बर्फ दोघांकडून घेतला, चहाचे पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत, आणि संभाजीरावांना पहिल्याच दिवशी ऐकवलं, "त्येचा लई कडक हाय बाबा." संभाजीराव वाटभर गाणं म्हणत घरी आले.

मग एका दुपारी कुंडलिकरावांचा टेम्पो भोंगा वाजवत थेट जळोचीत शिरला. संभाजीरावांच्या फाटकासमोर थांबून त्यांनी ठमाबाईंच्या हातात चंद्राईची एक गार बाटली दिली आणि धूळ उडवत निघून गेले. ठमाबाईंचं जेवण नुकतंच झालं होतं. त्यांनी आधी घरची बाटली घेतली. 'टॉक्' असा आवाज झाला, की छपरावरची कबुतरं उडाली. चार घोट. आणि ढेकर! आक्काबाईंनी पलीकडून, "आला गं बाई!" म्हणून सांगितलं. संभाजीरावांना भरून आलं. या ढेकराच्या मागं, एवढ्या लांब, दिल्लीत, आपल्याला न ओळखणारी माणसं डबा घेऊन बसली आहेत, या विचारानं त्यांनी पुन्हा एकदा टाकीकडे हात जोडले.

हात अजून जोडलेलेच होते, तेव्हा ठमाबाईंनी दुसरी बाटली उघडली. ती त्यांनी तीनच घोटांत संपवली. मग जो ढेकर आला त्यानं राजलक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ह्येचा जास्त हाय," ठमाबाई समाधानानं म्हणाल्या.

संभाजीरावांचं ताट वाढलेलं होतं. त्याच्याकडे न बघता त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते मागच्या शेडकडे, सिलिंडरचा कॉक आणखी सैल सोडायला, चालू लागले. त्यांची चाल त्या दिवशी बरीच जलद होती.